पुण्याची डिव्हिजन, बेळगावची सभा आणि कुतचा वेढा

२८ एप्रिल १९१६. बेळगावात मुंबई प्रांतिक परिषद भरली होती. टिळकांना मंडालेहून सुटून दोन वर्षं होत आली होती, आणि त्या दिवशी तिथे त्यांच्या होमरूल लीगची स्थापना झाली. दुसऱ्याच दिवशी, २९ एप्रिलला, आजच्या इराकमधल्या कुत नावाच्या गावात १३ हजारांहून जास्त माणसांनी तुर्कांपुढे हत्यारं ठेवली. त्यांत एक ब्रिगेड, म्हणजे काही पलटणींचा गट, अशी होती, जिचं शांततेच्या काळातलं ठाणं होतं बेळगाव. दुसरी अहमदनगरची. तिसरी पुण्याची. तिन्ही मिळून जे सैन्य होतं त्याचं नाव ‘सहावी (पुणे) डिव्हिजन’.

तारखा अशा जुळल्या हा निव्वळ योगायोग. पण पुढच्या सव्वा वर्षात या दोन गोष्टी एकमेकींना खरोखरच येऊन भिडल्या. कशा, ते सांगायचं तर आधी कुतला जायला हवं.

पहिलं महायुद्ध म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे फ्रान्समधले खंदक येतात. शाळेत तेवढंच शिकवलं: साराजेव्होचा खून, दोस्त राष्ट्रं, व्हर्सायचा तह, पाच मार्कांची टीप. खरं तर हिंदी सैनिकांची सगळ्यात मोठी आघाडी फ्रान्सची नव्हती, मेसोपोटेमियाची होती, म्हणजे इराकची. युद्ध संपेपर्यंत हिंदुस्थानातून तिकडे सुमारे ५ लाख ८८ हजार माणसं गेली, आणि त्यांतली जवळजवळ निम्मी बंदूक चालवणारी नव्हती. खेचरं हाकणारे, पखाली वाहणारे, आचारी, धोबी, डोलीवाले, हमाल. तुरुंगातल्या कैद्यांच्यासुद्धा मजूर तुकड्या करून पाठवल्या होत्या.

तिकडे जायचं कारणच काय?

बसरा आपल्याला माहीत होतं ते मोत्यांमुळे. नथीतले मोती बसऱ्याचे असले तर ती नथ चारचौघींत दाखवायची. १९१४ साली इंग्रजांना मात्र तिथे वेगळाच माल दिसत होता.

१९०८ मध्ये इराणच्या नैऋत्य भागात तेल लागलं होतं. ते शुद्ध करण्याचा कारखाना आबादानला होता, शत्त-अल-अरब नदीच्या काठावर. ब्रिटिश आरमार कोळसा सोडून तेलावर चालू लागलं होतं, म्हणून १९१४ मध्ये ब्रिटिश सरकारने त्या तेल कंपनीचे निम्म्याहून जास्त भाग विकत घेतले. नदीच्या पलीकडच्या काठावर तुर्की साम्राज्य. ते जर्मनीच्या बाजूने जाणार हे दिसू लागताच, ऑक्टोबर १९१४ मध्ये, मुंबईहून जहाजं निघाली. पुढे पुणे डिव्हिजनची १६ वी ब्रिगेड होती आणि तिच्यात ११७ वी मराठा पलटण. ६ नोव्हेंबरला फाव इथे माणसं किनाऱ्याला उतरली. त्याच महिन्यात बसरा पडलं.

खरं म्हणजे काम इथेच झालं होतं. तेल सुरक्षित होतं, बंदर हातात होतं. पण लढाई सोपी जाऊ लागली की वरच्या माणसांना नकाशावरचं पुढचं गाव दिसू लागतं. कुर्ना घेतलं, म्हणजे तैग्रिस आणि युफ्रेटिस यांचा संगम. एप्रिल १९१५ मध्ये शैबाला तुर्कांनी बसरा परत घ्यायचा जोरदार प्रयत्न केला. तीन दिवस लढाई चालली, तुर्क हरले आणि त्यांच्या सेनापतीने स्वतःवर गोळी झाडून घेतली. ११० आणि ११७ या दोन्ही मराठा पलटणी त्या लढाईत होत्या.

मग पुणे डिव्हिजनचा नवा सेनापती आला: चार्ल्स टाउनशेंड. हुशार, वाचलेला, नेपोलियनच्या लढाया तोंडपाठ असलेला, आणि स्वतःच्या बढतीचा विचार क्षणभरही न विसरणारा. मे महिन्याच्या अखेरीला सगळा मुलूख पुराच्या पाण्याखाली होता, तेव्हा याने सैन्य होड्यांत बसवलं. तिथल्या लांब, अरुंद होड्यांना बेलम म्हणत. शिपाई त्या वल्हवत, ढकलत, बोरूच्या बेटांमधून शत्रूच्या मोर्च्यांवर चालून गेले. तुर्क पळाले. टाउनशेंड एका छोट्या बोटीतून मूठभर माणसांनिशी पुढे धावला आणि ३ जूनला अमारा शहर घेऊन मोकळा झाला. मागून मोठं सैन्य येतंय असं तिथल्या शेकडो तुर्की शिपायांना वाटलं आणि त्यांनी शरणागती पत्करली. मोठं सैन्य खूपच मागे होतं.

अशी एखादी थाप खपली की माणूस बिघडतो.

बोटींचा हिशेब

या मोहिमेचं सगळं दुखणं एका गोष्टीत होतं, आणि ती बंदूक नव्हे. रेल्वे नाही, पक्का रस्ता नाही. बसऱ्याहून वर जायचं तर नदी हाच रस्ता. दाणा, दारूगोळा, औषधं सगळं बोटीने जाणार आणि जखमी त्याच बोटींनी परत येणार. नदी नागमोडी, उन्हाळ्यात उथळ, म्हणून कमी पाण्यात चालणाऱ्या बोटी हव्यात. तशा बोटी पुरेशा नव्हत्याच. जितकं पुढे जावं तितका एका फेरीला जास्त वेळ, म्हणजे तेवढ्याच मालाला जास्त बोटी. सैन्य पुढे सरकत राहिलं, बोटी तेवढ्याच राहिल्या. घाटात एस.टी.च्या फेऱ्या कमी पडल्या तर शेवटच्या गावाची काय अवस्था होते, ते आपल्याला सांगायला नको.

हे सिमल्यात बसलेल्यांना कळत नव्हतं असं नाही. पण मोहीम हिंदुस्थान सरकार चालवत होतं आणि हे सरकार लष्करी खर्चात काटकसर करण्याबद्दल स्वतःची पाठ थोपटून घेत असे. बोटी मागितल्या की उशीर, डॉक्टर मागितले की उशीर.

सप्टेंबर १९१५ च्या अखेरीला कुत इंग्रजांच्या हाती पडलं. आता पुढे बगदाद. लंडनला तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीत मार बसला होता आणि कुठलातरी मोठा, वर्तमानपत्रात शोभेल असा विजय हवा होता. बगदाद! नावच पुरेसं होतं. टाउनशेंडने जास्त सैन्याशिवाय पुढे जाणं धोक्याचं आहे असं कळवलं. त्याचा वरिष्ठ सर जॉन निक्सन म्हणाला, जा. तो गेला.

बगदादच्या अलीकडे ३०-३५ किलोमीटरवर टेसिफॉन. प्राचीन इराणी सम्राटांची राजधानी, तिची प्रचंड कमान अजून उभी आहे. लढाईच्या आदल्या दिवशी एका इंग्रज वैमानिकाला वरून तुर्कांची नवी कुमक दिसली. ही खबर घेऊन परतण्याआधीच त्याचं विमान पडलं आणि तो पकडला गेला. २२ नोव्हेंबरला टाउनशेंडने हल्ला केला, पहिली रांग जिंकलीही. पण चार दिवसांत त्याची सुमारे ४,६०० माणसं मेली किंवा जखमी झाली. जवळजवळ तिसरा हिस्सा. तुर्कांची हानी याहून जास्त होती, पण त्यांना मागून माणसं मिळत होती. याला मिळत नव्हती.

जखमींचं काय झालं, हे इथे थांबून बघण्यासारखं आहे, कारण पुढचं सगळं राजकारण त्यातून उगवलं. रणांगणावरून त्यांना खेचरांच्या बिनस्प्रिंगच्या सामानगाड्यांत घालून आणलं. मांडीचं हाड मोडलेला माणूस, गाडीचा तळ लोखंडी पट्ट्यांचा, आणि रस्ता नाहीच. मग नदीवर बोटीत. ‘मेजिदिये’ नावाची अशीच एक बोट जवळजवळ दोन आठवड्यांनी बसऱ्याला लागली. तिच्यावर ६०० च्या आसपास जखमी होते. धक्क्यावर इंडियन मेडिकल सर्व्हिसचे मेजर कार्टर उभे होते. त्यांना लांबून वाटलं, बोटीच्या कडांवरून दोरखंड लोंबतायत. बोट जवळ आली तेव्हा कळलं ते काय आहे. हगवण लागलेली माणसं जागची हलू शकत नव्हती, त्यांची विष्ठा कडेवरून खाली गळून वाळली होती. डेकवर माणसाला माणूस चिकटून पडलेला, जखमांत किडे, कित्येक दिवस मलमपट्टी बदललेली नाही. कार्टरनी हे वर कळवलं, तेव्हा वरिष्ठांनी त्यांनाच दमात घेतलं: नसत्या भानगडीत पडू नका, नाहीतर अटक होईल. त्या दरम्यान सरकारी तारांमध्ये मात्र जखमींची व्यवस्था समाधानकारक असल्याचं लिहिलं जात होतं.

१४७ दिवस

टाउनशेंड मागे फिरला आणि ३ डिसेंबरला कुतमध्ये येऊन थांबला. ७ डिसेंबरला वेढा पूर्ण झाला.

कुत म्हणजे तैग्रिसच्या एका वळणात सापडलेलं, सहा-सात हजार वस्तीचं, मातीच्या घरांचं गाव. तीन बाजूंना नदी. चौथी बाजू बंद केली की आतला बाहेर जात नाही आणि बाहेरचा आत येत नाही. त्या चौथ्या बाजूच्या टोकाला मातीची गढी होती. १९१५ च्या नाताळच्या आदल्या दिवशी तुर्कांनी तिच्या भिंती तोफांनी पाडल्या आणि खिंडारातून आत घुसले. १०३ वी मराठा लाइट इन्फन्ट्री, ११९ वी पलटण आणि इंग्रज शिपाई तिथे रात्रभर हातघाईवर लढले. तुर्क परत गेले. त्यानंतर त्यांनी असा हल्ला केला नाही. कशाला करतील? भूक त्यांचं काम फुकटात करणार होती.

नदीच्या पलीकडच्या काठावर लोकरीच्या गठ्ठ्यांचा कारखाना आणि त्याभोवतीची वस्ती होती. ती ११० वी मराठा आणि १२० वी पलटण सांभाळत होती. म्हणजे वेढ्याच्या आत आणखी एक छोटा वेढा. रात्री होडीने जेवढं पोचेल तेवढंच.

आता टाउनशेंडची सगळ्यात महाग पडलेली चूक. वेढा पडल्यावर त्याने कळवलं की गोऱ्या शिपायांना एक महिना आणि हिंदी शिपायांना दोन महिने पुरेल इतकाच शिधा आहे. त्याने गावातली कोठारं, घरं नीट तपासलीच नव्हती. जानेवारीच्या अखेरीला झडती घेतली तेव्हा शेकडो टन बार्ली, गहू, तूप बाहेर निघालं. शिधा एप्रिलपर्यंत पुरणार होता. पण तोवर त्या पहिल्या तारेने आपलं काम केलं होतं. कुत उपाशी मरतंय म्हणून सोडवायला येणारं सैन्य तयारी न करता धावलं. फ्रान्सहून आलेल्या पलटणी जहाजातून उतरत, तशाच तुकड्या-तुकड्यांनी पुढे ढकलल्या गेल्या. तोफा मागे, इस्पितळं त्याहून मागे. शेख सादला लढाई, वादीला लढाई, २१ जानेवारीला हन्नाला लढाई. सपाट चिखल, आडोसा नाही, समोर मशीनगन. हन्नाला जखमी रात्रभर गारठ्यात आणि पावसात चिखलात पडून होते. मार्चमध्ये दुजैला इथे रात्री चालत जाऊन शत्रूला झोपेत गाठायचं ठरलं. पहाटे पोचले तेव्हा मोर्चे जवळजवळ रिकामे होते. पण हुकूम तोफखान्यानंतर हल्ला करण्याचा होता! म्हणून थांबले, तोफा डागल्या, तुर्क जागे झाले आणि मोर्चे भरले. हे वाचताना आजही हात चोळावेसे वाटतात.

आतल्या १३ हजारांना सोडवताना बाहेरचे सुमारे २३ हजार मेले किंवा जखमी झाले. या मोहिमेची ही एकच बेरीज लक्षात ठेवली तरी चालेल.

आत काय चाललं होतं? डाळ, तूप, भाजी संपली. मग घोडे आणि खेचरं मारायला सुरुवात झाली. गोरे शिपाई ते खाऊ लागले. हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी नकार दिला, हिंदूंनीही आणि मुसलमानांनीही. टाउनशेंडने हिंदुस्थानात तार करून धर्मगुरूंकडून परवानगी मागवली. ती आलीही. तरी शिपायांचं म्हणणं बदललं नाही, आणि ते समजण्यासारखं आहे. धर्मगुरूची तार खंदकात चालते, गावात चालत नाही. सातारा-रत्नागिरीकडच्या एखाद्या वाडीतला शिपाई परत गेल्यावर लोक विचारणार होते: काय रे, घोडं खाल्लंस म्हणे? पंगतीत शेजारी कोण बसणार, मुलीला स्थळ कोण आणणार? एप्रिलमध्ये अगदी जिवावर आलं तेव्हा हजारोंनी खाल्लं. तोवर अंगात काही उरलं नव्हतं.

इथे वैद्यकाच्या दृष्टीने एक विलक्षण गोष्ट घडली. एकाच गावात, एकाच वेढ्यात, गोऱ्यांना एक रोग झाला आणि हिंदी शिपायांना दुसरा. गोरे मैद्यासारख्या पांढऱ्या पिठाचा पाव खात होते; कोंडा काढून टाकलेल्या त्या पिठात ब-१ जीवनसत्त्व नसतं. त्यांना बेरीबेरी झाला: पाय सुजणं, बधिर होणं, हृदय दगा देणं. हिंदी शिपाई कोंड्यासकट आटा खात होते, ते त्यातून बरेचसे वाचले. पण ताजी भाजी नाही आणि ताजं मांसही नाही, म्हणून त्यांना स्कर्व्ही झाला: हिरड्या सुजून रक्त येणं, जुन्या जखमा उघडणं. ताज्या घोड्याच्या मांसातून गोऱ्यांना क जीवनसत्त्व थोडंफार मिळत होतं. पुढे पांढरं पीठ संपलं आणि गोऱ्यांनाही आटा आणि बार्ली मिळू लागली, तसा बेरीबेरी ओसरला. ‘व्हिटॅमिन’ हा शब्दच तेव्हा जेमतेम चार वर्षांचा होता. शिपाई नदीकाठचा रानपाला खुडून शिजवत होते. त्यातल्या काहींना विषारी पाला ओळखता आला नाही.

एप्रिलच्या मध्याला विमानांतून पिठाची पोती टाकायला सुरुवात झाली. वेढ्यातल्या सैन्याला हवेतून शिधा पुरवण्याचा जगातला हा पहिला मोठा प्रयत्न. त्याआधी विमानातून जात्याच्या तळ्यासुद्धा टाकल्या होत्या, कारण धान्य होतं पण दळायला साधन नव्हतं. दोन आठवड्यांत पडलं किती? सात-आठ टन. १३ हजार माणसांत वाटलं तर दोन आठवड्यांसाठी माणशी पाऊण किलोही नाही. त्यातली काही पोती नदीत आणि काही तुर्कांच्या अंगणात.

२४ एप्रिलच्या रात्री ‘जुलनार’ नावाची बोट २७० टन शिधा घेऊन अंधारात वर निघाली. बोटीवरच्या प्रत्येकाला माहीत होतं काय होणार ते. तुर्कांनी नदीत आडवा तारेचा दोर टाकला होता. बोट त्यात अडकली, किनाऱ्याला लागली, सगळा शिधा तुर्कांना मिळाला. कुत तिथून थोड्याच किलोमीटरवर होतं.

मग शेवटचा उपाय, जो लंडनने बरीच वर्षं झाकून ठेवला असता तर त्यांना आवडलं असतं. तुर्की सेनापती खलील पाशाकडे तीन इंग्रज अधिकारी गेले, त्यांत पुढे ‘अरबस्तानचा लॉरेन्स’ म्हणून गाजलेला टी. ई. लॉरेन्सही होता. आधी दहा लाख पौंड, मग वीस लाख पौंड देऊ केले: सैन्य सोडा. खलीलने नकार दिला आणि ही लाच जगजाहीर केली. १९३४ मध्ये तुर्कस्तानात सगळ्यांना आडनाव घेणं सक्तीचं झालं, तेव्हा त्याने स्वतःचं आडनाव घेतलं: कुत.

पकडले गेल्यावर

टाउनशेंडला इस्तंबूलजवळच्या एका बेटावर बंगला मिळाला, नोकर मिळाले, आणि १९१७ मध्ये कैदेतच ‘सर’ हा किताब. त्याचा कुत्रा स्पॉटसुद्धा सुखरूप इंग्लंडला पोचला. युद्धानंतर टाउनशेंड पार्लमेंटमध्येही निवडून गेला.

शिपायांना चालवलं. अगदी आजारी असलेल्या सुमारे ११०० जणांची अदलाबदल झाली, उरलेल्यांना आधी कुतजवळच्या छावणीत टणक बिस्किटं दिली गेली. महिनोन् महिने उपाशी पोटांवर ती पडली आणि माणसं पोटदुखीने तडफडून गेली. मग मे-जूनच्या उन्हात बगदाद, तिक्रित, मोसूल, नुसैबिन, रास अल-ऐन. वाटेत बूट विकले, अंगरखे विकले. मागे पडला तो राहिला. पुढे बगदाद रेल्वेच्या कामावर माती आणि खडी वाहणं. त्याच वाटेवर त्यांनी हाकलून दिलेल्या आर्मेनियन लोकांचे मृतदेह पाहिले. कैदेत गेलेल्या सुमारे १२ हजारांपैकी ४ हजारांहून जास्त परत आले नाहीत. गोऱ्या शिपायांमध्ये मृत्यूचं प्रमाण ७० टक्क्यांच्या आसपास गेलं. कुतचे गावकरीही सुटले नाहीत. इंग्रजांना मदत केल्याच्या आरोपावरून तुर्कांनी कित्येकांना फासावर चढवलं.

युद्धाचा पुढचा भाग मी झरझर सांगतो, कारण तो वेगळ्याच माणसाने वेगळ्याच पद्धतीने लढवला. जनरल मॉडने आधी बोटी, धक्के, रेल्वे, इस्पितळं उभी केली आणि मगच पाऊल टाकलं. फेब्रुवारी १९१७ मध्ये कुत परत घेतलं, ११ मार्चला बगदाद. ‘आम्ही जेते म्हणून नव्हे, मुक्तिदाते म्हणून आलो आहोत’ अशा अर्थाचा जाहीरनामा काढला. त्याच नोव्हेंबरात तो बगदादमध्ये पटकीने मेला. ३० ऑक्टोबर १९१८ ला तुर्कांशी युद्धबंदी झाली, आणि तेलाचा वास असलेलं मोसूल इंग्रजांनी युद्धबंदीनंतर घेतलं.

कुत ते माँटेग्यू

आता बेळगावकडे परत.

कुत पडल्यावर लंडनमध्ये ओरड झाली आणि ऑगस्ट १९१६ मध्ये चौकशी आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल १९१७ च्या उन्हाळ्यात बाहेर आला. बोटींचा हिशेब, बिनस्प्रिंगच्या गाड्या, ‘मेजिदिये’, मेजर कार्टरना दिलेला दम, सगळं छापून. निक्सन, व्हॉइसरॉय राहिलेले हार्डिंग, सरसेनापती डफ, सगळ्यांवर ठपका. भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी जुलैमध्ये राजीनामा दिला; त्यांचा स्वतःचा दोष त्यात सगळ्यात कमी होता, ही गंमत.

पार्लमेंटमधल्या चर्चेत एडविन माँटेग्यू उठले आणि म्हणाले की हिंदुस्थान सरकार लाकडी आहे, पोलादी आहे, ताठर आहे आणि आजच्या काळासाठी निव्वळ पुराणकालीन आहे. काही दिवसांतच हेच माँटेग्यू भारतमंत्री झाले. आणि २० ऑगस्ट १९१७ ला त्यांनी ती प्रसिद्ध घोषणा केली: हिंदी लोकांना कारभारात वाढता वाटा आणि टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती. त्याच सुमारास नऊ हिंदी अधिकाऱ्यांना पहिल्यांदाच राजाचं कमिशन, म्हणजे गोऱ्या अधिकाऱ्यांच्या बरोबरीचा हुद्दा, द्यायचं ठरलं. नजरकैदेतल्या ॲनी बेझंट सुटल्या.

ही घोषणा केवळ कुतमुळे आली असं कोणी म्हणणार नाही. होमरूलची चळवळ होती, लखनौ करार होता, युद्धासाठी माणसं आणि पैसा हवा होता. पण ‘हिंदुस्थानचं राज्य सिमल्याचे साहेब उत्तम चालवतात, त्यात हात घालू नका’ हा जो युक्तिवाद पन्नास वर्षं चालला होता, तो तैग्रिसच्या चिखलात रुतला. तो मोडला टिळकांनी नाही, तर साहेबांच्याच आयोगाने. बेळगावच्या सभेला एवढी मदत पुणे डिव्हिजनकडून होईल, हे २८ एप्रिलला कोणाच्या स्वप्नातही नव्हतं.

टिळकांची भूमिका तशी सरळ व्यवहाराची होती. माणसं देतो, पण हक्क द्या, अधिकाऱ्याच्या जागा द्या. १० जून १९१८ ला मुंबईत गव्हर्नर विलिंग्डनने युद्ध परिषद बोलावली, टिळक स्वराज्याचा विषय काढताच त्यांना मध्येच थांबवलं, आणि ते उठून चालते झाले. १९१९ चा सुधारणा कायदा आला तो द्विदल राज्यपद्धती घेऊन, म्हणजे प्रांतात काही खाती हिंदी मंत्र्यांकडे आणि महत्त्वाची गव्हर्नरच्याच हाती. पण त्याआधीच रौलट कायदा आणि जालियनवाला झालं होतं. एका हाताने दिलं ते दुसऱ्या हाताने असं काढून घेतलं.

महाराष्ट्रात आणखी एक गोष्ट झाली, जी सहसा कोणी सांगत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्रजांनी महारांची लष्करभरती बंद केली होती. माणसं कमी पडू लागल्यावर १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपल्यावर काही वर्षांतच ती मोडीतही निघाली. गरज सरो, वैद्य मरो.

आणि इन्फ्लुएन्झा. जून १९१८ मध्ये तो मुंबई बंदरातून शिरला आणि दुसऱ्या लाटेत ६ ऑक्टोबरला एका दिवसात मुंबईत ७६८ माणसं मेली. देशभरात एक कोटीहून कितीतरी जास्त. लढाईत वाचून घरी आलेला मुलगा आणि घरात कोणीच नाही, अशी गावं होती. मुंबईचं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, म्हणजे आजचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, बांधून तयार होतं. पण युद्धकाळात ते लष्करी इस्पितळ झालं आणि वस्तुसंग्रहालय म्हणून उघडायला पुढची काही वर्षं गेली.

इराक नावाचा देश

तिकडे मुक्तिदाते काही परत जाईनात. एप्रिल १९२० मध्ये सान रेमोला ठरलं की बसरा, बगदाद आणि मोसूल हे तीन तुर्की प्रांत ब्रिटनच्या हवाली. त्याच उन्हाळ्यात सगळीकडे उठाव झाला, शियाही आणि सुन्नीही. तो मोडायला पुन्हा हिंदुस्थानातूनच पलटणी गेल्या. खर्च आला सुमारे चार कोटी पौंड. म्हणून मार्च १९२१ मध्ये कैरोला बसून चर्चिल आणि मंडळींनी स्वस्त उपाय काढला: एक राजा बसवा आणि बंदोबस्त विमानांवर सोपवा. राजा निवडला तो फैसल, मक्केहून आलेल्या घराण्याचा, सीरियातून फ्रेंचांनी हाकललेला. २३ ऑगस्ट १९२१ ला त्याला गादीवर बसवलं. किर्कुकजवळ १९२७ मध्ये तेलाचा फवारा उडाला. १९३२ मध्ये देश कागदोपत्री स्वतंत्र झाला, आणि तोवर बगदादच्या बाजारात चलन कोणतं होतं? आपला रुपया. इराकी दिनार त्याच वर्षी आला.

साताऱ्याजवळच्या अपशिंग्यात पहिल्या महायुद्धात पडलेल्या ४६ जणांचं स्मारक आहे. लोक त्या गावाला मिलिटरी अपशिंगेच म्हणतात. कोकणात आणि देशावर फिरताना चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत बसवलेली छोटी संगमरवरी पाटी दिसते: या गावातून इतकी माणसं महायुद्धावर गेली, त्यांपैकी इतकी कामी आली. नावं नसतात, दोन आकडे असतात. चुना लागून दुसरा आकडा कधीकधी बुजलेला असतो.

बसऱ्याला मोठं स्मारक आहे. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि कबर न मिळालेल्या ४० हजारांहून जास्त जणांसाठी ते उभारलं. गोऱ्या शिपायांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली. साध्या हिंदी शिपायांच्या बाबतीत पलटणीचं नाव आणि पुढे संख्या. १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकमावरून ते दगड दगड सोडवून बसऱ्याच्या गोदीजवळून काढलं आणि नासिरियाच्या वाटेवर, शहरापासून ३०-३२ किलोमीटरवर वाळवंटात नेऊन पुन्हा उभं केलं. १९९१ च्या युद्धात जिथे लढाई झाली होती, त्याच माळावर.